अडचण खोल्यांची की ५४ पायऱ्यांची?

प्रश्न : आम्ही कर्वेनगरमध्ये १९९८ साली ९ लाखांना तीन बेडरूमचा फ्लॅट घेतला. करारनामा फक्त ह्यांच्या नावावर आहे आणि त्यात ‘१,१८० चौरस फूट बिल्टअप’ लिहिलंय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, मोजून ५४ पायऱ्या. मुलगा बंगळूरला असतो, वर्षातून दोनदा चार-चार दिवस येतो. मुलगी कॅनडात आहे, ती दोन वर्षांनी तीन आठवडे येते. ह्यांचं वय ६८, गुडघे गेलेत, मी ६४. शेजारच्या इमारतीतला असाच फ्लॅट १ कोटी ४५ लाखांना गेला. मुलगा म्हणतो, विका, वाकडला लहान घर घ्या, उरलेले पैसे बँकेत ठेवा. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चाही चालू आहे. ह्यांचं एकच पालुपद : ‘आता इथून थेट वैकुंठ.’ काय करावं?
– एक वाचक, कर्वेनगर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात जास्तीच्या खोल्यांचा त्रास कुठेच लिहिलेला नाही, पायऱ्या मात्र मोजून लिहिल्या आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी. घर मोठं आहे म्हणून बदलायचं की उंचावर आहे म्हणून? अडचण पायऱ्यांची असेल, तर लिफ्ट असलेलं घर हे उत्तर आहे. ते लहान असलंच पाहिजे असं नाही आणि त्यासाठी कर्वेनगर सोडायलाच हवं असंही नाही. मुलाच्या सल्ल्यात तीन वेगळे निर्णय एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत : घर लहान करणं, भाग बदलणं आणि पैसे मोकळे करणं. ते सुटे करून बघूया.

पैशांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच होतो. ‘मोठं विकलं, लहान घेतलं, फरक हातात’ असं वाटतं. पण तुमचं घर जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीतलं आहे आणि घ्यायचं आहे ते लिफ्टच्या, नव्या इमारतीतलं. त्यामुळे चौरस फुटाचा दर दोन्हीकडे सारखा नसतो. समजा तुमचं घर १ कोटी ४५ लाखांना गेलं आणि त्याच भागात लिफ्ट असलेला, दोन बेडरूमचा, ७२० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट १ कोटी १५ लाखांना मिळाला. वरवर ३० लाख सुटले.

आता वजाबाकी. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ८ लाख ५ हजार (व्यवहाराची किंमत आणि रेडी रेकनर म्हणजे सरकारी दराने येणारी किंमत, यांतली जी जास्त, तिच्यावर). नोंदणी शुल्क ३० हजार. दलाली दोन्ही व्यवहारांत १ टक्का धरली तरी २ लाख ६० हजार. नव्या घरात ओटा, जाळ्या, कपाटं, बाथरूमची दुरुस्ती, रंग यांना ५ लाख, आणि हा आकडा सहसा वरच जातो. सामान हलवणं आणि किरकोळ मिळून ४० हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य २५ हजार. महापालिका क्षेत्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीला यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे २००१ च्या शासन परिपत्रकाने ठरलेलं आहे. ‘इमारत निधी’ किंवा ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून कुणी लाखभर मागितले तर परिपत्रक दाखवा. बेरीज १६ लाख ६० हजार.

हातात उरले १३ लाख ४० हजार. ७ टक्के व्याज धरलं तर महिन्याला साधारण ७,८०० रुपये. लिफ्ट, जनरेटर, सुरक्षारक्षक आणि उन्हाळ्यातले टँकर धरून नव्या सोसायटीचं मासिक शुल्क आजच्यापेक्षा २,५००-३,००० रुपयांनी जास्त आलं, तर निव्वळ फायदा महिन्याला ५,००० च्या आसपास. एवढ्यासाठी कुणी अठ्ठावीस वर्षांचं बिऱ्हाड हलवत नाही. गुडघ्यांसाठी मात्र जरूर हलवावं. त्याच भागात लहान घर घेणं हा पैसे सोडवण्याचा मार्ग नाही, पायऱ्या सोडवण्याचा आहे. यजमानांसमोर आणि मुलासमोर विषय याच शब्दांत मांडा. वाकड किंवा धायरीकडे गेलात तर आकडा वाढेल, पण मग भाग बदलण्याची किंमत त्यात धरायला हवी. त्याबद्दल पुढे.

भाव करताना एक गोष्ट सांभाळा. तुमचे १,१८० फूट ‘बिल्टअप’ आहेत, म्हणजे बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरून, नव्या घराचे ७२० ‘कार्पेट’. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यात कार्पेट म्हणजे आतल्या भिंतींसह वापरायची जागा. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात नाही. तुमचे १,१८० भागिले १.२ केले तर ९८० च्या आसपास कार्पेट निघेल. पण त्या काळच्या काही करारांत बिल्टअपमध्ये जिन्याचा वाटाही घातलेला असे, म्हणून टेप घेऊन खोली-खोली मोजा. गिऱ्हाईक मोजणारच आहे, आणि आकडा त्याच्याकडून कळला की भाव पडतो.

आता कर, आणि इथे चुकलात तर वरचे १३ लाख जागेवर संपतील. घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असल्याने हा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला दोन पद्धतींतला कमी कर भरता येतो : महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. तुमची खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची आहे, म्हणून मूळ किंमत ९ लाख न धरता त्या तारखेचं बाजारमूल्य धरता येतं. मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांककाकडून तो दाखला घ्या आणि घराचा सौदा होण्याआधी घ्या.

समजा मूल्य ११ लाख निघालं. २००१-०२ चा निर्देशांक १०० धरला तर २०२५-२६ चा ३७६ आहे, म्हणजे खर्च धरायचा ४१ लाख ३६ हजार. विक्रीतून दलाली वजा जाता १ कोटी ४३ लाख ५५ हजार उरतात. निर्देशांकासह नफा १ कोटी २ लाख, निर्देशांकाशिवाय १ कोटी ३२ लाख. नुसता कर पाहिला तर निर्देशांकाच्या पद्धतीत सुमारे २०.४ लाख, १२.५ टक्क्यांच्या पद्धतीत १६.६ लाख, त्यामुळे १२.५ टक्केच स्वस्त वाटतो. पण तुम्ही दुसरं घर घेणार आहात. नव्या घराची किंमत, मुद्रांक आणि नोंदणी मिळून १ कोटी २३ लाख ३५ हजार होतात आणि तेवढ्या नफ्यावर सूट मिळते. ही सूट धरली की निर्देशांकाच्या पद्धतीत करपात्र काहीच उरत नाही, १२.५ च्या पद्धतीत मात्र ९ लाखांवर उरतात. म्हणून सनदी लेखापालाला दोन्ही हिशोब सूट धरूनच मांडायला सांगा. सगळ्यांच्या तोंडी ही सूट ‘कलम ५४’ आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदललेत.

तिच्या अटी अशा : नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं, आणि तीन वर्षं ते विकायचं नाही. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर घेतलं नसेल, तर पैसे बँकेत ‘भांडवली नफा खाते योजने’त ठेवावे लागतात. साध्या मुदत ठेवीत ठेवले तर चालत नाही. अनेक जण नेमके इथे अडकतात, कारण बँकेतला माणूस जी ठेव सुचवतो ती साधी असते.

तुमच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. महाराष्ट्रात फक्त स्त्रियांच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते. दलाल सांगेल, ‘काकूंच्या नावावर घ्या, १ लाख १५ हजार वाचतील.’ पण विकायचं घर फक्त यजमानांच्या नावावर आहे, नफा त्यांचा आहे, म्हणून सूटही त्यांनाच हवी. नवं घर तुमच्या एकटीच्या नावावर झालं तर आयकर विभाग ती सूट नाकारू शकतो. न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी लागलेले आहेत, आणि या वयात ते भांडण विकत घेण्यात अर्थ नाही. लाख-सव्वा लाखासाठी सोळा-सतरा लाखांचा धोका नको. नवं घर यजमान पहिले आणि तुम्ही दुसऱ्या असं दोघांच्या नावावर घ्या, पैसे त्यांच्याच खात्यातून जाऊ द्या. मुद्रांकाची सवलत संयुक्त नावावर मिळत नाही, ती सोडून द्या. तुमचं नाव घरावर असणं मात्र सोडू नका. आज ते नाही, ही आमच्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट आहे. घर बदला अगर न बदला, यजमानांचं मृत्युपत्र या महिन्यात करून घ्या. सोसायटीत तुमचं नामनिर्देशन असेलही, पण नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती फक्त वारसांच्या वतीने घर सांभाळते.

आता भाग. वाकडला घर नवं मिळेल, लिफ्ट दोन असतील, बाग असेल. पण मुलगा राहतो बंगळूरला. तो तिथे असता तर विचार वेगळा होता. तुमचा फॅमिली डॉक्टर, दूध, भाजीवाली, मेडिकल, बँक, मंदिर, ज्येष्ठ नागरिक संघ हे सगळं कर्वेनगरात पायी अंतरावर आहे. साठीनंतर घरापासून ५०० मीटरच्या आत, मोठा रस्ता न ओलांडता काय मिळतं, हे बाल्कनीतून काय दिसतं यापेक्षा महत्त्वाचं. गाडी चालवणं कधी तरी थांबणार आहे. तो दिवस धरून जागा निवडा. कोथरूडकडे वनाझ ते रामवाडी मेट्रो आहे. नळस्टॉप, आयडियल कॉलनी, आनंदनगर या स्थानकांच्या जवळ घर मिळालं तर शहराचा संबंध तुटणार नाही, आणि सगळ्या स्थानकांवर लिफ्ट आहे.

घरं पाहताना पावसाळ्यात पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या भिंतीची ओल आणि वरच्या मजल्याच्या छताचे डाग लपत नाहीत. दिवाळीनंतर त्यावर रंग चढलेला असतो. सोसायटीकडून मागच्या बारा महिन्यांचा हिशोब मागा आणि त्यात टँकरचा खर्च शोधा. लिफ्टला जनरेटर आहे का, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का, हे विचारा. चौथ्या मजल्याच्या वर जाऊ नका, कारण लिफ्ट बंद पडते तेव्हा पायऱ्या परत येतात. आणि इमारतीच्या दारापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत ते पाहा. लिफ्ट अर्धा मजला वर चढून सुरू होते अशा इमारती पुण्यात पुष्कळ आहेत.

आत शिरल्यावर टेप पहिल्यांदा बाथरूमच्या दाराला लावा. जुन्या घरांत ते सव्वादोन फूट, म्हणजे ७० सेंटीमीटरच्या आत असतं, त्यातून वॉकर जेमतेम जातो, चाकाची खुर्ची जातच नाही. ९० सेंटीमीटर असेल तर उत्तम. बेडरूममध्ये पलंगाच्या एका बाजूला तरी तीन फूट मोकळे हवेत. गोदरेजचं कपाट ३ फूट रुंद, १९ इंच खोल आणि साडेसहा फूट उंच असतं. त्याच्या दाराला उघडायला आणखी दीड फूट धरा. दिवाण ६ बाय ३. ही मापं कागदाच्या पट्ट्यांवर कापून न्या आणि फरशीवर मांडून पाहा. नमुना फ्लॅटमधलं सामान मुद्दाम लहान केलेलं असतं.

खोल्या किती हव्यात, यावर आमचं मत ठाम आहे : दोन बेडरूमच्या खाली जाऊ नका. मुलं वर्षाकाठी सरासरी वीसेक दिवस येतात, त्यासाठी तिसरी खोली लागत नाही. दुसरी मात्र लागते, आणि ती पाहुण्यांसाठी नव्हे. दोघांपैकी एकाचं ऑपरेशन झालं, रात्री ब्युरोची बाई किंवा मावशी ठेवावी लागली, एकाचा खोकला थांबेना, तर दुसऱ्याला झोपायला जागा हवी. ‘दोघांना काय लागतं’ म्हणून एक बेडरूम घेणारे पहिल्या आजारपणात पस्तावतात.

पुनर्विकासाबद्दल. ‘चर्चा चालू आहे’ याला किंमत शून्य. व्यवहार्यता अहवाल झाला का, विशेष सर्वसाधारण सभेत ५१ टक्के सभासदांची संमती मिळाली का, विकसन करार नोंदवला गेला का, महापालिकेने नकाशा मंजूर केला का, हे चार टप्पे विचारा. पहिला टप्पाही झाला नसेल तर पुनर्विकास तुमच्या हिशोबात धरू नका. करार नोंदवण्याच्या बेतात असेल, तर आज विकणं म्हणजे वाढीव क्षेत्र आणि लिफ्ट दुसऱ्याला देणं. पण यजमानांच्या ६८ वर्षांत बांधकामाची तीन-चार वर्षं मिळवा, आणि दोनदा सामान हलवणंही. थांबायचं ठरलं तर हक्काच्या क्षेत्रापेक्षा लहान फ्लॅट आणि फरकाचे पैसे असा पर्याय बिल्डरकडे मागता येतो. तो तयार झाला तर ते करारातच लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका.

इतकं सगळं मांडल्यावर आमचा सल्ला : आत्ता विकू नका, आत्ता राहून बघा. ज्या भागात जायचं मनात आहे तिथे लिफ्टचा दोन बेडरूमचा फ्लॅट ११ महिने भाड्याने घ्या आणि आपला फ्लॅट भाड्याने द्या. भाडं आणि भाडं जवळपास एकमेकांत फिटेल. विद्यार्थ्यांना द्यायचं नसेल तर जाहिरातीतच तसं लिहा. दोन्ही करार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे ते बंधनकारक आहे आणि नोंदणी ऑनलाइन घरी बसून होते. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी फी १,००० रुपये. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा. एक तोटा धरून ठेवा : स्वतः राहणाऱ्याला महापालिकेच्या मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याने दिल्यावर राहत नाही. (पुढे घर विकत घेतलंत तर त्या घरासाठी पीटी-३ अर्ज भरायला विसरू नका, जुन्या मालकाची सवलत आपोआप तुमची होते असं समजून अनेक जण वर्षभर जास्त कर भरतात.)

या अकरा महिन्यांत सामानाचा प्रश्नही सुटतो. भाड्याच्या घरात लागेल तेवढंच न्या, बाकीचं तिसऱ्या खोलीत ठेवून तिला कुलूप लावा आणि भाडेकराराच्या परिशिष्टात ती खोली वगळा. वर्षभरात किल्ली किती वेळा लागली, ते लिहून ठेवा. मुलांच्या वह्या, ट्रॉफ्या, कॉलेजची पुस्तकं यांचा निर्णय तुम्ही घेऊ नका. खोक्यांचे फोटो पाठवा आणि पुढच्या भेटीची तारीख द्या. पितळेची, तांब्याची भांडी मोडीत घालण्याआधी मुलीला विचारा. माळ्यावरची गादी, फुटकी कुंडी, जुना मिक्सर हे आजच जाऊ द्या. ‘स्वच्छ’च्या कचरावेचक ताई तुमच्या गल्लीत येतच असतील, भंगार कुठे द्यायचं ते त्या सांगतील.

अकरा महिन्यांनी विकायचं ठरलंच, तर आधी विक्रीचा करार करा आणि ताब्याची तारीख चार महिन्यांनंतरची लिहून घ्या. गिऱ्हाईकाच्या कर्जाला महिना-दीड महिना जातो, उरलेल्या काळात तुमची खरेदी होते. खरेदी आधी केलीत, तर पैशांची घाई गिऱ्हाईकाला कळते आणि तो भाव पाडतो. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने तो १ टक्का कर कापून देईल. ते पैसे यजमानांच्या पॅनवर जमा झालेले दिसतात का, हे लगेच तपासा. मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), भोगवटा पत्र आणि सोसायटीचं ना-हरकत एका फाइलमध्ये आत्ताच लावून ठेवा. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं भागपत्र ऐन वेळी न सापडणं ही व्यवहार रखडण्याची सगळ्यात साधी आणि सगळ्यात नेहमीची गोष्ट आहे.

राहिलं यजमानांचं वैकुंठ. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एक कागद द्या. त्यावर त्यांनी लिहायचं, इथून गेल्यावर नेमकं काय जाईल. सकाळचा कट्टा, ठरलेला न्हावी, गॅलरीतला सोनचाफा, गणपतीत आरतीला येणारे शेजारी, काय असेल ते. मग त्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे, बघितलेल्या घरापासून तिथवर चालत किती मिनिटं लागतात ते लिहा. कट्टा दहा मिनिटांवर राहत असेल आणि मध्ये ५४ पायऱ्या नसतील, तर ते आज आठवड्यातून दोनदा उतरत असतील, त्याऐवजी रोज उतरतील. पहिली दोन घरं त्यांनीच निवडावीत, आणि बघायला जाताना मुलाला फोनवर घेऊ नका.